दोन पालींची ऊब

मुलीला कंपनीनं सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा तिच्या हैदराबादच्या फ्लॅटमधल्या कुंड्या एका मैत्रिणीकडं गेल्या आणि दोन पाली आमच्याकडं भालकीला आल्या.

या पाली भिंतीवरच्या नव्हेत. परदेशी जातीच्या, अंगावर बिबट्यासारखे ठिपके, बोटभर जाड शेपटी, आणि पापण्या असलेल्या. भिंतीवरची पाल डोळे मिटत नाही, या मात्र आपल्यासारखे डोळे मिचकावतात. मुलीनं त्यांची रीतसर नोंदणी केली होती. कागदांची फाईल, काचेची पेटी, अळ्यांचा डबा आणि दोन पाली, असं सगळं नोव्हेंबरात गाडीतून उतरलं. बायकोनं पेटीत एकदा वाकून बघितलं आणि घरात आधीच दहा हायत त्या काय कमी पडायल्यात, असं विचारून ती आत गेली.

जाताना मुलगी दोन पानं भरून सूचना ठेवून गेली. या जिवांना अंगात ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. पोट गरम असेल तरच खाल्लेलं पचतं. म्हणून पेटीची एक बाजू तळाशी एकतीस-बत्तीस अंश हवी आणि दुसरी पंचवीसच्या आसपास, म्हणजे पालीला वाटेल तशी ती इकडून तिकडं सरकेल. त्यासाठी पेटीच्या एका कडेखाली करंटवर तापणारी पातळ चटई होती, आणि चटई पुरेशी तापली की करंट तोडणारा एक थर्मोस्टॅट होता. थर्मोस्टॅटशिवाय चटई लावायची नाही, पोट भाजतं, या वाक्याखाली तिनं दोन रेघा ओढल्या होत्या.

मी तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण हा धडा मी पुस्तक न उघडता घ्यायचो. त्यामुळं दोन पाली गरम ठेवायला दोन पानं लिहावी लागतात याचंच मला हसू आलं. मुलगी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, आत काय असतं ते बघावं म्हणून मी थर्मोस्टॅट स्क्रू-ड्रायव्हरनं उघडला. आत विशेष काही नव्हतं. परत बंद केला तेव्हा टेबलावर एक बारीक तुकडा उरला होता, आणि थर्मोस्टॅट चालत नव्हता.

नवा मागवता आला असता. पण आमच्या घरात जे काही ऑनलाइन येतं ते मुलीच्या फोनवरून येतं. थर्मोस्टॅट मागवायचा म्हणजे तिलाच सांगायचं की तुझा मी मोडला. मी ठरवलं, नको. मी चटई काढून ठेवली, माळ्यावरचा जुना साठचा पिवळा बल्ब शोधला आणि पेटीच्या जाळीवर टांगला. मुलीनं दिलेला थर्मामीटर पेटीच्या आत वरच्या कडेला, वाचायला सोपा पडेल असा चिकटवला. तासाभरात बत्तीस अंश. मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, बरं.

पहिल्या आठवड्यात पालींनी थोडं खाल्लं, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही. अळी समोर ठेवली की एक पाल तिच्याकडं बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. दोघी दिवसभर फुटक्या मडक्याच्या खापरीखाली पडून असायच्या. उलट बल्बच्या उजेडाला किडे यायचे, आणि किड्यांमागं आमच्या घरच्या पाली. त्या पेटीच्या बाहेरून काचेला चिकटून पोटभर जेवायच्या. बायको झाडू घेऊन त्यांना हाकलायची आणि म्हणायची, फुकटच्या पाली गुबगुबीत व्हायल्यात अन् विकतच्या वाळायल्यात.

डिसेंबरात थंडी वाढली तशा विकतच्या पालींच्या शेपट्याही बारीक दिसू लागल्या. या पाली चरबी शेपटीत साठवतात, हे सूचनांत होतं. मी एकीला डब्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. दवाखान्याच्या अंगणात चार म्हशी, एक बोकड आणि मी, असे रांगेत होतो. पुढच्या म्हशीच्या मालकानं डब्यात काय आहे विचारलं. मी सांगितलं. त्यानं थोडा विचार करून आपली म्हैस दोन पावलं पलीकडं घेतली.

डॉक्टर सरळ माणूस. असलं जनावर मी कधी हाताळलेलं नाही, म्हणाले. पण थंड रक्ताचं जनावर खात नसेल तर आधी ऊब तपासा, औषध नंतर. मी त्यांना माझा विषय विज्ञान होता हे सांगितलं आणि जरा रागातच घरी आलो.

मुलीचा व्हिडिओ कॉल रविवारी यायचा. मी फोन अशा बेतानं धरायचो की थर्मामीटरचा बत्तीसचा आकडा दिसावा, बल्ब दिसू नये. त्या रविवारी तिनं विचारलं, खाली किती आहे? मी म्हणालो, सगळीकडं तेवढंच. बायको माझ्या मागं मेथी निवडत बसली होती. ती उठली, हात पुसले, पेटीचं झाकण उघडलं आणि तळावर पंजा टेकवला. मग माझ्या हातातून फोन घेतला.

"तुझे अप्पा वरच्या हवेला ऊब द्यायलेत," ती म्हणाली. "पाली खाली हायत. खाली फरशीवानी गार हाय."

मी थर्मामीटर काढून तळावर ठेवला. तो उतरत उतरत बावीसला थांबला. गरम हवा वर जाते हे मी तीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. मग मी थर्मोस्टॅटचंही सांगून टाकलं. मुलगी रागावली नाही, तेच जास्त लागलं. ती म्हणाली, मागवते, पण चार-पाच दिवस लागतील, तोवर काहीतरी करा.

बायकोला आठवलं की दुबलगुंडीला माझा एक जुना विद्यार्थी कोंबड्यांची पिल्लं वाढवतो. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं बसनं त्याच्याकडं गेलो. चाळिशीचा माणूस, डोकं पांढरं व्हायला लागलेलं, तरी मला बघून हातातली बादली खाली ठेवून उभा राहिला. त्यानं शेड दाखवली. हजारभर पिल्लं बल्बखाली किलबिलत होती आणि थर्मामीटर दोरीनं पार खाली, पिल्लांच्या पाठीला लागेल इतका खाली सोडलेला होता. तो वर कामून बांधला न्हाई, असं बायकोनं मुद्दाम, माझ्याकडं न बघता विचारलं.

"पिल्लू जिथं बसतं तिथली ऊब बघायची, अक्का," तो म्हणाला. "गरम हवा वर जाती. सरांनीच शिकवलंय. माझं चुकलं म्हणून पन्नास वेळा लिव्हायला लावलं होतं."

तो हे खरोखर कृतज्ञतेनं म्हणाला, त्यामुळं मला कुठं बघावं कळेना. त्यानं एक जादा थर्मोस्टॅट दिला. त्याच्या वायरच्या टोकाला दाण्याएवढा सेन्सर होता. हा सेन्सर पाल पोट टेकवते तिथंच, चिकटपट्टीनं पक्का बसवा, नाहीतर पाल तो उकरून काढेल आणि चटई तापतच राहील, एवढं त्यानं दोनदा बजावलं. निघताना बायकोच्या पिशवीत अंडी घातली.

घरी आल्यावर बल्ब उतरला. चटई पेटीच्या एका कडेखाली गेली. तिच्यावर आत शहाबादी फरशीचा एक पातळ तुकडा, फरशीवर सेन्सर. आम्ही दोघांनी दिवसभर आकडे बघितले. आधी पस्तीस झाले, मग एकोणतीस, संध्याकाळी एकतीसवर स्थिरावले. दुसऱ्या बाजूला चोवीस. मी सारखा बटण फिरवायला जायचो, शेवटी बायकोनं माझा हात धरून बाजूला केला.

पहिल्या दिवशी पाली बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी थोरली खापरीतून निघाली, फरशीवर चढली आणि चारी पाय पसरून पोट टेकवून पडली. उन्हाला बसलेलं माणूस दिसतं तशीच. पाचव्या दिवशी मी बाजारातून आलो तर बायको पेटीसमोर स्टुलावर बसलेली. तिनं हातानं मला गप्प राहायला सांगितलं. चिमट्यात अळी होती. आजवर तिनं अळ्यांच्या डब्याला बोट लावलं नव्हतं. धाकटीनं मान वाकडी केली, शेपटीचं टोक थरथरवलं आणि अळी घेतली. "तिन्नु, तिन्नु," बायको म्हणत होती, म्हणजे खा, खा. तिचं माहेर कलबुर्गीचं, लाडात आली की ती कानडीत बोलते. माझ्याशी ती मराठीत बोलते.

मार्चपासून उलटा प्रश्न आला. चटई बंद करूनही पेटीत चौतीस व्हायला लागले. आम्ही पेटी आतल्या खोलीत नेली, खिडकीला ओलं पोतं बांधलं. करंट गेला की बायको पंखा घेऊन बसायची, एक झुळूक पेटीला, एक स्वतःला.

मे महिन्यात मुलगी परत आली. तिनं दोघींना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. दोघी इथं आल्या तेव्हापेक्षा भरल्या होत्या. ती त्यांना दुसऱ्या दिवशीच न्यायला निघाली होती. बायको म्हणाली, एवढ्या उन्हात गाडीतून नेऊ नको, पाऊस पडू दे. पाऊस पडल्यावर म्हणाली, ओल लय हाय, हवा कोरडी होऊ दे. आता दिवाळी होऊन गेली. काल मुलीचा फोन आला तेव्हा बायको तिला सांगत होती की एवढ्या थंडीत पालींना प्रवास सोसायचा न्हाई.