जिभेला चिकटणारं हाड

"भांडं तापलंय हे कळत नाही म्हणजे काय? लक्ष कुठं असतं तुझं?" नवऱ्याचा आवाज चढला होता.

"लक्ष दुधावरच होतं," ती म्हणाली. "उतू गेलं का? नाही ना."

दूध उतू गेलं नव्हतं, हे खरं. तिनं उकळतं पातेलं फडक्याशिवाय, नुसत्या हातानं शेगडीवरून उचललं होतं आणि ते तसंच धरून शांतपणे सासूला विचारलं होतं, कुठं ठेवू म्हणून. आता उजव्या हाताच्या बोटांवर टरारून फोड आले होते. दुसऱ्या कुणाचे असावेत तशी ती त्यांच्याकडे बघत होती.

सासू खिडकीपाशी बसून मुलाच्या सदऱ्याला बटण लावत होती. "मेलेल्या जनावरांची हाडं चाटून चाटून हिचा दगड झालाय," ती दोरा तोडत म्हणाली.

चाटण्याचं खोटं नव्हतं. खाणीत सापडलेली, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जनावरांची हाडं भोवतीच्या दगडासकट, प्लास्टर आणि गोणपाटात गुंडाळून संग्रहालयाच्या शेडमध्ये येत आणि तिच्या टेबलावर सुटत. सगळे तिला सुईवाली म्हणत. सुई, ब्रश आणि हवेवर चालणारी एक बारीक छिन्नी, एवढ्यावर ती दगड कोरून आतलं हाड मोकळं करायची. छिन्नी सारखी गुणगुणायची म्हणून तिचं नाव भुंगा. रंगानं दगड आणि हाड कधी कधी अगदी सारखे. शंका आली की कपची जिभेला लावायची. दगड गळून पडतो, हाड चिकटून बसतं. "आधी चूळ भर, मग पोळपाटाला हात लाव," हे वाक्य सासू लग्नापासून म्हणत आली होती.

पण जीभ नंतरची. आधी बोटं सांगत. भुंगा दगडात असला की हात खरखरतो. हाडाला टेकला की तीच थरथर एकदम बारीक होते, ताणलेल्या तारेसारखी. तिथं थांबायचं. हे थांबणं म्हणजेच तिचं सगळं काम होतं.

नवरा त्याच कामावर वेल्डर. ती सोडवेल ती हाडं तो लोखंडी गजांवर चढवून उभी करायचा. बायको मढी उकरते आणि नवरा त्यांना चालायला लावतो, असं शेडमध्ये म्हणत. यंदाचं जनावर लांब मानेचं. शेपटीपासून मानेपर्यंत दालनात उभं झालं होतं. वर नुसता गज होता, कारण डोकं अजून तिच्या टेबलावर, अर्धं दगडात होतं.

"महिनाभर घरी बस," नवऱ्याचा आवाज जरा खाली आला. "मग डोकं पुरं कर. येणारा जाणारा विचारतो, याचं डोकं कुठं गेलं? मी सांगतो, माझ्यासारखंच, बायकोकडं आहे."

ती हसली नाही. "बसून नाही बरं होणार. डॉक्टर म्हणाले, भुंग्याच्या थरथरीनं बोटांतलं गेलेलं परत येत नाही."

"डॉक्टरकडं कधी गेलीस? मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय, तुम्ही नवी बोटं वळून देणार होता?"

"डॉक्टर काहीही सांगतात. कामाचे हात आहेत, बधिर व्हायचेच. माझे होत नाहीत?"

"इकडं ये," सासू मध्येच म्हणाली. "डावा हात दे. डोळे मीट."

ती खुर्चीपाशी जाऊन डोळे मिटून उभी राहिली. नवरा बघत होता.

"टोचा ना, आई."

सासू सुई घेऊन तिच्या बोटांवर वाकली होती.

"टोचा की. किती वेळ उभं करणार?"

"टोचून झालं," सासू म्हणाली. "तीनदा."

तिनं डोळे उघडले. बोटाच्या टोकावर लाल थेंब होता. सासूनं तो नव्या बटणाच्या सदऱ्यालाच पुसला आणि तिचा हात सोडायचं विसरून गेली.

मग सुईवाली बोलली. "त्या जनावराच्या गालाच्या हाडाची कड गेली. मागच्या आठवड्यात. मला वाटलं, दगडच कोरतेय. झाडलेल्या कचऱ्यातली एक कपची सहज जिभेला लावली, तर चिकटली."

"मग जोड की ती."

"कपची तेवढी एकच. बाकी सगळा भुगा. दगडानं इतका काळ सांभाळलं, आणि माझ्या टेबलावर येऊन गेलं."

"दुसऱ्या कुणाला देता येईल," नवरा म्हणाला.

"कुणाला? दोघं जण शिकायला आले नि कंटाळून गेले. तुम्हीच हसला होता त्यांना."

"साचा घेऊन खोटं डोकं बसवू मग."

"आतलं अजून कुणी बघितलेलंच नाही. साचा कशाचा घेणार?"

तो शेगडीपाशी गेला, फडकं घेतलं आणि कुठंच न्यायचं नसलेलं पातेलं उचलून परत तिथंच ठेवलं.

"डोकं दगडातच राहील," ती म्हणाली. "मी सोडवलेली बाजू वर करून खाली जमिनीवर, पायांपाशी, काचेत ठेवायचं. उद्या साहेबांना तसं सांगणार आहे."

"तुटकी कड दिसेल सगळ्यांना."

"दिसू दे. वरचा गज तुम्ही कापून टाका. आणि उद्यापासून दूध आई तापवतील."