लाटेला दिलेल्या पाच चांदण्या

उजनीच्या पाण्यावर मासे धरण्यात माझा जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, म्हणून तर हे कळलं.

जाळ्याच्या वरच्या दोरीला आम्ही थर्माकोलचे पांढरे तुकडे बांधतो. काठावर उभं राहून ते बघायचे. सगळे दिसले तर पाणी निजलेलं. एक दिसतो, एक बुडतो, असं असेल तर एकट्यानं जायचं नाही. एकही दिसेना, तर होडी उपडी घालून घरी जायचं. दुपारी वारं सुटलं की धरणात बुडालेल्या आमच्या गावाच्या वेशीपाशी हे हमखास होतं. तिथं पाण्याखाली जुनी भिंत उभी आहे. लाट तिच्यावर येऊन फुटते. माझ्या दिराची होडी तिथंच उलटली. तिसऱ्या दिवशी सापडला.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती बारामतीला कॉलेजात असते. मोबाइलवर लोकांनीच मिळून केलेला एक नकाशा आहे. कुठं लाट उठते, कधी, केवढी, ज्याला ठाऊक त्यानं लिहायचं.

"आज्जी, तुझ्याएवढं पाणी कुणाला कळतंय? तू सांग, मी लिहिते."

मी फुगले. दोन दिवस होडीतनं फिरवून तिला जागा न् जागा दाखवली. तुकडे वाचायला शिकवलं. पोरगी हुशार, लगेच शिकली.

पुढं उन्हाळ्यात एका दुपारी पुण्याचं एक जोडपं लाटांवर खेळायची, हवा भरून फुगवायची फळी घेऊन आलं आणि थेट वेशीवर गेलं. फळी उलटली. अंगात जाकिटं होती म्हणून दोघं तरंगत राहिली. शेजाऱ्यांनी मोठी होडी घालून त्यांना ओढून आणलं. मी दोघांना शिव्या घातल्या, तर बाईनं गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतला मोबाइल पुढं केला. "आजी, इथं तर असं लिहिलंय."

मी वाचलं. 'दुपारनंतर उत्तम लाटा. ही जागा चुकवू नका. माहिती: गावातल्या अनुभवी आजी.' वर पाच चांदण्या. दीर नाही, तुकडे नाहीत, भिंतसुद्धा नाही.

रविवारी नात आली.

"भिंत कुठं गेली गं?"

"आज्जी, तसं लिहिलं तर कोण येतंय हितं? लोक आली तर आपलंच नाव हुईल."

"आपलं का तुझं?"

"तू बी ना! जाकिटं घालून येत्यात की."

तिला हाताला धरून काठावर नेलं. वारं सुटलं होतं. होडी ढकलली. "बस. वेशीपातुर जाऊन येऊ."

तिनं जाळ्याकडं पाहिलं आणि पाय मागं घेतला. "आज नगं, आज्जी."

"का? पाच चांदण्या हायत की."

"एक बी तुकडा दिसंना."

तोवर मला वाटत होतं, पोरीला नीट कळलं नसेल. विसरली असेल. तिला सगळं ठाऊक होतं.

तिथंच उभं राहून तिनं ते पुसलं आणि मी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं. मी दोनदा वाचलं, मग होडी उपडी घातली.

परवा विचारत होती, नदीच्या वरच्या अंगाला पाणी कसं असतं.

"मला ठाऊक न्हाय," मी म्हणाले.