नंबरबाईचा नियम

दवाखान्यात येणाऱ्या कुणालाही तिचं खरं नाव माहीत नव्हतं. सगळे तिला नंबरबाई म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट पगाराच्या कागदावर खरं नाव दिसलं की तीच क्षणभर थबके.

दाराशी तिचं टेबल, टेबलावर प्लॅस्टिकचे नंबराचे बिल्ले, समोर भिंतीलगत लांब बाकं आणि पाठीमागे दोन खोल्या. एकीत मोठे डॉक्टर, दुसरीत छोटे. मोठे वयाने मोठे आणि नावानेही. छोटे त्यांचे पुतणे, नुकतेच शिकून आलेले, हुशार, पण लोकांना अजून न पटलेले. त्यामुळे बाकावरची माणसं मोठ्यांसाठी ताटकळत आणि छोटे आत बसून पेपर वाचत.

नंबरबाईचे नियम दोनच. पहिला, जो बसला त्याला तपासलं जाणार. मोठे डॉक्टर शेवटचा पेशंट बघितल्याशिवाय खुर्चीवरून उठत नसत. हा खरं तर त्यांचा चांगुलपणा, पण वीसेक वर्षं "बसा, नंबर येईल" असं म्हणून म्हणून तो आपलाच आहे असं नंबरबाईला वाटू लागलं होतं. दुसरा नियम कडक. वाट बघून कंटाळलेला माणूस छोट्यांच्या खोलीत शिरला, की त्याचा मोठ्यांकडचा नंबर गेला. "दोन दगडांवर पाय ठेवायचे नाहीत," ती म्हणे. एकदा एका वकिलाने यावर तावातावाने युक्तिवाद केला होता. नंबरबाईने तो शांतपणे ऐकून घेतला आणि त्याचा बिल्ला काढून घेतला.

तिची एकुलती एक मुलगी याच बाकांवर अभ्यास करत वाढली. लहानपणी तिचा हात मोडला होता. प्लास्टर निघाल्यावर तो हात पुन्हा हलवायला शिकवणारी एक बाई होती, आणि तेव्हापासून मुलीने ठरवून टाकलं होतं की आपण फिजिओथेरपी शिकायची. गावात त्याची कॉलेजं दोन होती. जुनं कॉलेज नावाजलेलं. पुलापलीकडचं नवं कॉलेज बरं होतं, पण त्याचं नाव घेतल्यावर लोक "हो का" म्हणून गप्प होत.

बारावीचा आणि प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, मार्क चांगले पडले आणि घरात नव्या शब्दांचा पाऊस सुरू झाला. मुलीचे वडील गॅरेजमध्ये काम करायचे. ते म्हणाले, "मला गाडीतलं विचारा. यातलं एक अक्षर कळत नाही." नंबरबाईला मात्र सगळं चटाचट कळत गेलं.

"मेरिट लिस्ट म्हणजे काय, रांगच की. आमच्याकडे जो आधी येईल तो पुढे, तिथे ज्याचे मार्क जास्त तो पुढे. कट-ऑफ म्हणजे शेवटी आत गेला त्याचा नंबर. तो आधी कुणी ठरवत नाही, दार बंद झाल्यावर कळतो. आणि राउंड म्हणजे सकाळची ओपीडी, संध्याकाळची ओपीडी."

गंमत म्हणजे हे सगळं बरोबरच होतं. शेजारपाजारच्या बायका आपापल्या मुलांना घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. बाकावरचे पेशंटसुद्धा पोटदुखी बाजूला ठेवून राउंडचं विचारत. माणसाला एखाद्या गोष्टीतलं बरंचसं कळलं की उरलेलंही कळलंच आहे असं त्याला वाटायला लागतं, आणि नंबरबाई काही याला अपवाद नव्हती.

पहिल्या राउंडमध्ये मुलीला नव्या कॉलेजात जागा मिळाली. मोबाईलवर तीन पर्याय आले आणि मुलीने ते मोठ्याने वाचले. जागा पक्की करून प्रक्रिया थांबवा. जागा घ्या आणि बेटरमेंटसाठी थांबा. जागा नाकारा.

"बेटरमेंट म्हणजे काय गं?"

"म्हणजे ही जागा घेऊन ठेवायची. पुढच्या राउंडला वरचं कॉलेज मिळालं तर ही आपोआप सुटते. नाही मिळालं तर ही आपली."

नंबरबाई हसली. "असं कुठे असतं का? छोट्यांच्या खोलीतही जायचं आणि मोठ्यांचा नंबरही ठेवायचा? कोण ठेवू देईल?"

"अगं, लिहिलंय इथे."

"लिहिलेलं काय सांगतेस. आमच्या भिंतीवर 'शांतता राखा' असंही लिहिलंय."

"आणि नाकारली तर दुसऱ्या राउंडला धरतात की नाही, ते मला नीट कळत नाहीये. माहितीपत्रक अजून पूर्ण वाचलेलं नाही."

"रांगेत बसलेल्या माणसाला कोण उठवतं? तुला जुनं कॉलेज हवंय ना? मग नव्याची पायरीसुद्धा चढायची नाही. एक घाव दोन तुकडे."

आईच्या बाकावरून कुणी न तपासता घरी गेल्याचं मुलीने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने 'नाकारा' दाबलं.

दुसरी यादी लागली तेव्हा जुन्या कॉलेजचा कट-ऑफ उतरून मुलीच्या मार्कांखाली आला होता. नंबरबाईने टेबलावर आनंदाने थाप मारली. मग मुलीने यादीत नाव शोधलं. ते नव्हतं. पुन्हा शोधलं. तिच्याहून कमी मार्कांची मुलं यादीत होती आणि ती नव्हती.

दोघी प्रवेशाच्या खिडकीवर गेल्या. आतल्या कारकुनाने स्क्रीनवर बघितलं.

"ताई, तुम्हाला जागा मिळाली होती. तुम्ही नाकारलीत."

"याच्यासाठीच नाकारली ना!" नंबरबाई म्हणाली. "जुन्या कॉलेजसाठी."

"घेतली असती तरी जुनं मिळालंच असतं. बेटरमेंट त्यासाठीच असतं. नाकारली म्हणजे राउंडमधून बाहेर." तो ना चिडून बोलला, ना हळहळून. दवाखान्याच्या टेबलामागे नंबरबाईचाही आवाज असाच असायचा. "आता उरलेल्या जागांची शेवटची फेरी. नव्या कॉलेजात, समोर हजर राहून. पुढचे."

त्या दिवशी जेवताना वडील एवढंच म्हणाले, "तेलही गेलं, तूपही गेलं." म्हणीतलं धुपाटणं त्यांनी मुलीकडे बघून गिळलं. मुलगी काहीच बोलली नाही, आणि नंबरबाईला तेच जड गेलं. तोंडाला तोंड द्यायची तिला सवय होती. मुलगी भांडली असती तर तिला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं.

शेवटच्या फेरीला नव्या कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. समोर टेबल, टेबलामागे माईक घेऊन बसलेला माणूस. नंबरबाई त्याच्यापाशी गेली.

"बसा, नंबर येईल," तो मान वर न करता म्हणाला.

"येईल म्हणजे नक्की येईल, की आला तर येईल?"

त्याने आता वर बघितलं. हा प्रश्न त्याला बहुधा कुणी विचारला नव्हता. "आला तर येईल," तो म्हणाला. "जागा संपल्या की संपलं."

ती येऊन मुलीशेजारी बसली. मार्कांप्रमाणे नावं पुकारली जात होती. जुन्या कॉलेजच्या आशेने पहिल्या राउंडची जागा नाकारून बसलेली मुलं आता सगळी इथे लोटली होती, आणि बरीचशी मार्कांनी मुलीच्या पुढची होती. शेवटची जागा गेली तेव्हा अर्ध्याअधिक खुर्च्या अजून भरलेल्या होत्या. माणसाने माईक बंद केला आणि कागद आवरले. लोक उठले. नंबरबाई बसून राहिली. बसलेली माणसं तशीच टाकून कुणी निघून जातं, हे डोळ्यांनी बघूनही तिला पटत नव्हतं.

"चल आई, ऊठ," मुलगी म्हणाली.

वर्षभर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, असं मुलीने स्वतःच ठरवलं आणि तसं वडिलांना सांगितलं. आईला ते वडिलांकडून कळलं. अभ्यासाला ती आता वाचनालयात जायची. दवाखान्याच्या बाकाकडे ती फिरकेनाशी झाली.

मग एका दुपारी दवाखान्यात तुफान गर्दी होती. गुडघा धरून बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, माझा नंबर कधी?"

"बसा, नं..." इतकं बोलून नंबरबाई थांबली. मग म्हणाली, "आजोबा, मोठ्यांना खूप वेळ आहे. तोवर छोट्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

"आणि माझा इथला नंबर?"

सगळं बाक तिच्याकडे बघू लागलं. नियम सगळ्यांना पाठ होता.

"तो राहतो. तिकडे समाधान झालं तर घरी जा. नाही झालं तर इथे येऊन बसा, तुमचा नंबर तुमचाच."

आजोबा बिल्ला मुठीत धरून आत गेले. ते खरंच परत येऊन आपल्या जागेवर बसू शकतात हे दिसल्यावर आणखी दोघंतिघं उठले. आत छोट्या डॉक्टरांनी पेपर घडी करून ठेवला. कितीतरी जण तिकडूनच घरी गेले.

गर्दी सरल्यावर मोठे डॉक्टर बाहेर आले. त्याच वेळी मुलगी घराची किल्ली द्यायला दारात येऊन उभी राहिली होती.

"छोट्याकडे पाठवता आणि माझ्याकडचा नंबरही राखून ठेवता म्हणे," डॉक्टर म्हणाले. "हा कुठला नवा नियम काढलात?"

"नवा नाही, डॉक्टर," नंबरबाई म्हणाली. "कॉलेजवाल्यांचा जुनाच आहे. माझी मुलगी मला वाचून दाखवत होती. मी ऐकला नाही."

डॉक्टरांना काही कळलं नाही. ते मान हलवून आत गेले.

किल्ली टेबलावर ठेवून मुलगी लगेच निघणार होती. ती बाकावर बसली.