लाल दोऱ्याचं भात

कुणाच्याही घरी गेल्या की बाई आधी तांदळाचा डबा मागत. मूठभर तांदूळ नाकाशी धरत, डोळे मिटून हुंगत आणि म्हणत, "शिजवलं म्हणून जात नाही हो." मग चहा घेत. हे बोलणं बुरशीच्या विषाबद्दल असे. पण मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर हा प्रकार झाल्यावर आमच्या शेजाऱ्यांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

रत्नागिरीजवळच्या एका भात संशोधन केंद्रात मी कारकून होतो आणि बाई तिथे नवे वाण तयार करत. बुरशीला दाद देणार नाही आणि दाण्यात विष साठू देणार नाही, असं भात त्यांना हवं होतं. परतीच्या पावसात आपल्याकडे उभं भात भिजून काळं पडतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. बाईंना तेवढ्याने समाधान नसे. त्या बुरशीचं पाणी चांगल्या लोंब्यांवर स्वतः फवारत, वर प्लास्टिकच्या पिशव्या बांधत आणि त्यातून टिकेल ते पुढे पेरत. सरकारी पगार घेऊन पिकाला रोग लावणारी बाई, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती.

"एवढं मारून मिळतं काय?" मी एकदा विचारलं.

"जगेल ते," त्या म्हणाल्या आणि माझ्या डब्यातला भात हुंगला.

बाईंची निवृत्ती जवळ आली असताना एक रोप टिकलं. आजूबाजूची सगळी काळी, हे एकटं पिवळंधमक. तसलं दुसरं नव्हतं. खुणेच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या, म्हणून बाईंनी त्याला लाल दोरा बांधला. विष आहे की नाही ते दाणे तपासल्यावरच कळणार होतं. दिसायला स्वच्छ म्हणजे स्वच्छ नव्हे, असं त्या सगळ्यांना बजावत. तरी त्या आठवड्यात त्या कचेरीत गुणगुणत होत्या.

नव्याच्या पौर्णिमेला नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, त्यालाच नवं म्हणतात. त्या सकाळी बाईंच्या रोपावर एकही लोंबी उरली नव्हती. केंद्रात मजुरीला येणाऱ्या सुनंदाकाकूंनी त्या नेऊन आंब्याच्या पानांसोबत आपल्या दाराला बांधल्या होत्या.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. "लाल दोरा बघितला ओ," काकू म्हणाल्या. "म्हटलं, बाईंनी देवासाठी राखून ठेवलंय. बाकीची सगळी काळी. देवाला काळी कशी घालू?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि लोंब्या परत मागितल्या.

काकूंची सासू उंबऱ्यात उभी राहिली. "दारातली लक्ष्मी पुढच्या नव्यापर्यंत उतरत नाय."

बाईंनी हुज्जत घातली नाही. जीपमध्ये मात्र त्या रडल्या. मी बाहेर बघत राहिलो.

मग त्या येता-जाता काकूंच्या दाराशी थांबू लागल्या. टाचा उंचावून लोंब्या हुंगायच्या आणि चालू लागायचं. निवृत्त होऊन अलोऱ्याला राहायला गेल्यावरही भर पावसात त्या एसटीने आल्या. वाडीतल्या साऱ्या दारांवरचं नवं काळंभोर झालं होतं. काकूंच्या दारावरचं तेवढं पिवळं होतं.

"आता उतरवू काय ओ?" काकूंनी विचारलं. सासूबाईंनी स्वतःच स्टूल आणून दाराशी ठेवलं.

"नको. अजून पाऊस आहे. भिजू दे," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी काकूंकडे जेवण केलं आणि तांदूळ हुंगायला विसरल्या.

गणपती गेले आणि पाठोपाठ बाई गेल्या. झोपेतच.

पुढच्या नव्याला काकू जुन्या लोंब्या पदरात बांधून केंद्रात आल्या. तपासणीत विष सापडलं नाही. वर्षभर टांगलेले बरेचसे दाणे उगवले नाहीत, थोडे उगवले. रोपं निसवली, लोंब्या बाहेर आल्या, तशी काकूंनी प्रत्येकाला लाल दोरा बांधला आणि बांधावर उभ्या राहून बाकीच्या बायकांना सांगितलं, "ह्ये देवाचं नाय. बाईंचं हाय. कोणी हात लावायचा नाय."

त्या वर्षी काकूंनी आपल्या दाराला डाग पडलेल्या लोंब्या बांधल्या.