कुत्र्याच्या कमरेचा फोटो

नवापुरातले पिंजारीचाचा नसते तर माझा कुत्रा गेला असता, आणि माझी बोटंही धड राहिली असती की नाही, देव जाणे. म्हणून आधी त्यांचं सांगतो. चाचा कापूस पिंजून गाद्या भरायचे. दवाखान्यातल्या गाद्याही त्यांच्याच हातच्या. कापसाच्या धुरळ्यात बसून बसून त्यांना कोरडा खोकला जडला होता.

मी रत्नागिरीकडचा. शाळा पाचवीतच सुटली, आणि कुठे कुठे काम करीत शेवटी इथे एक्स-रेच्या खोलीत लागलो. इथली बोली कळेना, तेव्हा बोलायला होता तो एक भटका कुत्रा. सागाचे ओंडके वाहणाऱ्या गाडीचं चाक त्याच्या कमरेवरून गेलं आणि मागचे पाय फरफटत तो माझ्या दाराशी येऊन पडला.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "खुब्याची वाटी फुटली असेल तर सुई देऊन सोडवू. हाल नकोत. लढाईमुळे सुरतेहून माल येत नाही, फिल्म एकच देतो. ती बिघडली तर मग मी हातानं चाचपून ठरवीन."

माणसांचे फोटो मी काढत होतो. पण कुत्र्याची पाठ निमुळती, उताणा ठेवला की कलंडतो. कंबर जराशी तिरकी झाली तरी एक बाजू मोठी, एक लहान दिसते, आणि चांगलं हाडही मोडकं वाटतं. हातांनी धरावं, तर माझ्या आधीच्या माणसाची बोटं याच किरणांनी काळी पडून सडली होती. वाळूच्या पिशव्या लावाव्यात, तर वाळू फिल्मवर उमटते. मी पायरीवर जाऊन बसलो.

चाचा गादी पोचवायला आले होते. "सासरले निंघेल पोरसारखं तोंड करीसन काब्र बठना रे पोऱ्या?"

असा का बसलो, ते मी सगळं सांगितलं. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं.

"मन्ही गादीवर आजलोंग कुत्रा झोपना नही. हाऊ पहिला नवाब."

त्यांनी दोन लांबट लोड जोडून गादी शिवली, मध्ये खाच ठेवली. पहिल्यांदा ते मऊ झाले, कुत्रा आत रुतला. चाचांनी उसवून पुन्हा गच्च भरले.

"सरकी फोटोमा दिसी का?"

"दिसेल बहुधा. नुसता कापूस दिसत नाही."

मग ते एकेक बी बोटांनी काढत बसले. तोवर मी कुत्र्याच्या केसांतला वाळलेला चिखल धुऊन अंग कोरडं केलं, कारण चिखलही उमटतो. साहेबांनी गुंगीची सुई दिली. कुत्रा उताणा खाचेत सरळ बसला. कापडाच्या पट्ट्यांनी मागचे पाय शेजारी शेजारी ताणून बांधले, गुडघे छताकडे, शेपूट मधोमध. मी पट्टी बांधताना त्यानं अर्धवट गुंगीत, डोकं धरून बसलेल्या चाचांचं मनगट चाटलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. संध्याकाळच्या नमाजाआधी मात्र, कुत्र्याची लाळ चालत नाही म्हणून, विहिरीवर हात पुन्हा पुन्हा धूत होते, सदराही बदलला.

पट्ट्या बांधून झाल्यावर चाचा आणि मी दाराआड गेलो आणि मी बटण दाबलं. त्या वेळी कुणाचाही हात आत नव्हता.

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कंबर हळूहळू वर आली. दोन्ही बाजू सारख्या, मांड्या समांतर. साहेबांनी ओली फिल्म उजेडाशी धरली आणि दोन्ही खुबे ताडून पाहिले.

"वरच्या हाडाला तडा आहे. वाटी शाबूत आहे. पडून राहू दे, हाड धरेल."

चाचांनी विचारलं, "मंग सुई नही ना?"

"नाही."

तो हिवाळा कुत्र्यानं त्याच गादीवर काढला. आता चालतो, कंबर थोडी हेलकावते. चाचांच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज आला की उठून तिकडे जातो. त्या गादीबद्दल चाचांनी काही घेतलं नाही. "कुत्राकडथीन काय लेवानं?" म्हणाले.

त्यांचा खोकला मात्र वाढला आहे. मी म्हणतो, चाचा, छातीचा एक फोटो काढू. ते हसतात. "नको रे बेटा. दिसनं तं मंग सांभाळनं पडी."

मी साहेबांना मात्र सांगून ठेवलं आहे, एक फिल्म चाचांची म्हणून बाजूला राहू द्या. चाचा हो म्हणतील त्या दिवशी मी त्यांना तितक्याच जपून झोपवीन, आणि फिल्मवर जे दिसेल ते सांभाळायला मी त्यांच्या बरोबर असेन.