वाळूवरच्या फळ्या

कॉलेजात असताना मी हिमाचलात चौदा दिवसांचा स्कीइंगचा कोर्स केला होता. त्या चौदा दिवसांवर मी पुढं वीस वर्षं बढाया मारल्या. सौदीत धाहरानला नोकरीला आल्यावर ऐकणारे नवे मिळाले, त्यामुळं बढायांनाही नवा जोर आला. शुक्रवारी कुणाकडे जेवायला जमलो की कुणीतरी मुद्दाम काडी टाकायचं आणि मी सुरू व्हायचो. बायको तेवढ्यात कोशिंबीर कालवायला आत निघून जायची.

त्या कोर्सातलं एक मात्र मला पक्कं आठवत होतं. त्या वर्षी मार्चमध्येच भलता उकाडा सुरू झाला होता, आणि आमचे उस्ताद आम्हाला पहाटे हाकलून उतारावर न्यायचे. नऊनंतर बर्फाची खिचडी व्हायची, पायाला बांधलेल्या स्कीच्या पट्ट्या रुतायच्या. उस्ताद म्हणायचे, उशिरा येणाऱ्यानं पट्ट्यांना शिव्या द्यायच्या नाहीत.

वाळूवरही स्की करतात हे मला इथं आल्यावर कळलं. भाड्याच्या फळीवर मी दोन-तीनदा घसरून पाहिलं. तिथंही तोच न्याय होता. सकाळी वाळू थंड असते तोवर फळी सुरेख जाते. ऊन तापलं की तळाला लावलेलं मेण पाघळतं, त्याला वाळू चिकटते आणि फळी जागची हलत नाही.

मग मला खऱ्या स्की हव्याशा वाटू लागल्या. त्या करून देणारा माणूस ओळखीचा होता. कुडाळकडचा सुतार, वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. आमच्या वसाहतीतल्या घरांची दारं बसवायला ठेकेदारानं त्याला धाडलं होतं, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात मराठी ऐकून तो रंधा हातात धरून तसाच उभा राहिला होता. बायकोनं त्याला चहा दिला, आणि तेव्हापासून तो आमचा झाला. पुढं त्याची बदली रास अल खैरच्या कामगार कँपवर झाली, तरी फोन चालूच होता.

त्यानं माझ्या कागदावरच्या चित्रावरून एक जोडी केली. पातळ प्लायचे थर चिकटवून शिकंज्यात आवळले, टोकं सुबक वळवली, तळाला सनमायका लावून त्यावर मेण चोळलं, वर जुने सेफ्टी शूज बोल्टनं बसवले. महिनाभराच्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "पैशाचा काय काढू नका. फक्त एक करा. तुमच्या मोठ्या साहेबांका माझा काम दाखवा. हयला काम मे महिन्यात खलास. त्येंनी घेतलो तर कफील बदलून मिळात, नायतर माका घराक जावचा लागतला."

कफील म्हणजे ज्याच्या नावावर इथला व्हिसा असतो तो मालक. आमच्या मोठ्या साहेबांच्या हाताखाली वसाहतीचं सुतारखातं होतं आणि तिथं एक जागा रिकामी होती. मी सहल ठरवली. साहेब सहकुटुंब येणार, फळ्या पाहणार, सुताराला पाहणार. फोनवर त्याला मी छातीठोकपणे सांगितलं, तुमचं काम झालंच म्हणून समजा.

नेमका त्याच आठवड्यात उकाडा भडकला. मार्चचे दिवस, आणि ऊन जूनचं. मी सगळ्यांना बजावलं, सहाला टेकडीवर पोचायचं, आठला परत. आम्ही सहाला पोचलो. सुतार आमच्या आधी आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, नाश्ता करून निघतो, थांबा. मी म्हणालो, "आराम से आइए सर, कोई जल्दी नहीं."

साहेब पावणेदहाला आले. तोवर वाळूला हात लावता येत नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं की आता काही होणार नाही. "सर, उशीर झाला, पुढच्या शुक्रवारी करू," एवढंच म्हणायचं होतं. साहेबांना उशीर झाला म्हणायला माझी जीभ रेटेना.

मी पट्ट्या पायात चढवल्या. सगळे खाली उभे होते, साहेबांच्या बाईंनी मोबाइल धरला होता. दोन हात गेलो, पट्ट्या थबकल्या आणि मी तोंडावर आपटलो. पुन्हा वर चढलो, पुन्हा आपटलो. कुणीतरी हसलं. माझ्या वीस वर्षांच्या बढायांना ते हसत होते आणि मला ते सहन झालं नाही.

साहेब म्हणाले, "अरे भाई, ये तो चलता ही नहीं."

"सर, बनाने में गडबड हो गई है," मी म्हणालो. "मैंने नाप ठीक दिया था. इनको अंदाजा नहीं आया."

सुतार चार पावलांवर होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग फळ्यांकडे. साहेबांसमोर हात जोडून म्हणाला, "मेरा ही चूक गया होगा, साब." साहेब बरं म्हणून गाडीच्या एसीत जाऊन बसले. जागेचा विषय निघालाच नाही. मीही काढला नाही.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "कालच तर तुम्ही म्हणत होतात, ऊन चढलं की मेण पाघळतं."

मी रेडिओ लावला.

फळ्या माझ्याकडेच होत्या. दोन आठवड्यांनी उकाडा ओसरल्यावर मी एकटाच उजाडताना टेकडीवर गेलो. वरून पाय सोडले आणि थेट पायथ्याशी जाऊन थांबलो. इतकं सरळ, इतकं हलकं मी हिमाचलातही कधी गेलो नव्हतो. त्या माणसानं आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता आणि माझ्या वेड्यावाकड्या चित्रावरून त्यानं हे केलं होतं. मला तिथंच वाळूत गाडून घ्यावंसं वाटलं. घरी येऊन त्याला फोन करायचा, साहेबांना खरं सांगायचं, असं मी गाडीत घोकत आलो. दोन्ही केलं नाही. साहेबांपुढं खोटा ठरण्यापेक्षा सुतारापुढं नालायक ठरणं मला सोपं वाटलं असणार. मी असाच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मेमध्ये तो विमान पकडायला दम्मामला जाताना आमच्या दाराशी थांबला. हातात चादरीत गुंडाळलेली नवी जोडी होती.

"साहेब, मागच्या वेळी तुमका माझ्यापायी सगळ्यांसमोर पडूचा लागला. ता मनात रवला माझ्या. ह्यो दोन्ही कडांनी बोटभर कमी केलंय. आता बघा."

गाडीवाला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. चहाही न घेता तो गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नवी जोडी घेऊन गेलो. वाळू थंड होती, वेळ बरोबर होती. पण अरुंद झाल्यामुळं पट्ट्या टाचेपर्यंत रुतत होत्या. एकही धड उतार झाला नाही. आधीची जोडी बिनचूक होती. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यानं आपल्या हातानं आपलं चांगलं काम बिघडवलं होतं.

दुपारी त्याचा कुडाळहून फोन आला. घरच्यांचा गलबला ऐकू येत होता.

"साहेब, पळतत?"

"पळतात," मी म्हणालो. "एकदम मस्त."

तो खुशीत हसला. "बघा! म्हणजे आधी माझाच चुकला होता."