इल्ली की इल्ला

या सदरातले अनुभव मी नेहमी शेवटून वाचते. शेवटी उलगडा असला तर सुरुवातीकडे वळते, नसला तर पान उलटते. माझे वडील साताऱ्याकडे शाळामास्तर होते. घरात कुणी भुताखेतांची गोष्ट सांगायला लागलं की ते विचारायचे, "दिवा कुठे होता?" — आणि गोष्ट तिथेच संपायची. मीही त्यांचीच मुलगी. तेव्हा हे कुणाला पटवण्यासाठी लिहीत नाही. जे झालं ते भर दुपारी झालं, दिव्याची गरजच नव्हती... एवढं आधी सांगून ठेवते.

सोलापुरात भवानी पेठेत आमचं घर. पुढे ओसरी, मागे स्वयंपाकघर, मधे उंबरठा. मी बिजवराला दिलेली. त्यांची पहिली बायको, थोरली, तापाच्या साथीत गेली होती. लग्नात सासूबाईंनी माझ्या मंगळसूत्रात चांदीचा एक टाक ओवला — पहिलीच्या नावाने दुसरीने गळ्यात घालायची असते, ती बाईची इवलीशी प्रतिमा. हळदीकुंकू आधी तिला, मग मला. नवं लुगडं आधी तिच्यापुढे ठेवायचं, मग मी नेसायचं. माहेरच्या मैत्रिणी म्हणाल्या, सवत आहे पण भांडत नाही, नशीबवान आहेस. चांदी ती मासाभर असेल नसेल, पण मला तिचं वजन सारखं जाणवायचं.

हे कोर्टात कारकून होते. मुद्देमालाची खोली त्यांच्या ताब्यात. मोगलाईतून, निजामाच्या हद्दीतून, चोरून येणारी अफू आबकारीवाले पकडत, आणि खटला उभा राहीपर्यंत ती लाखेचं सील लावून तिथे पडून असे. तशी अफू आमच्या पेठेत कुणाला नवी नव्हती. गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना गोळी चाटवून निजवून जात. सकाळचा भोंगा झाला की सगळी गल्ली चिडीचूप... एवढी मुलं असून रडणं नाही. ती शांतता मला कधीच आवडली नाही. थोरली गेल्यावर झोप लागावी म्हणून ह्यांनी अफू सुरू केली, असं सासूबाई सांगत. मी आले तेव्हा गोळी मोहरीएवढी होती. पुढे हरभऱ्याएवढी झाली.

संध्याकाळी दुधाबरोबर गोळी घेऊन ते ओसरीवर भिंतीला टेकून बसत. हळूहळू डोळे अर्धे मिटत, आणि मग ते स्वयंपाकघराच्या उंबरठ्याकडे बघून हसत. मी तिथेच पलीकडे भाकरी थापत असे. पण ते हसणं माझ्यासाठी नसे, हे कळायला बायकोला वेळ लागत नाही. "बा... बा..." असं पुटपुटत. मला वाटलं, गेलेल्या वडिलांना हाक मारतात. शेजारच्या गंगव्वाला विचारलं तर ती तोंडाला पदर लावून हसली.

"अगं येडे, बा म्हंजे ये. कानडी हाय ते. थोरली अक्कलकोटाकडची न्हवं का? घरात कानडीच बोलायची की. तुझ्या नवऱ्यानं तिच्यासाठी शिकून घेतलं."

तिच्यासाठी शिकून घेतलं. माझ्या पेटीतल्या एकाही पुस्तकाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

एकदा मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून उंबरठा अडवून उभी राहिले. बघू दे, म्हटलं, कुणाकडे बघतात ते. ते चिडले नाहीत. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जरा बाजूला हो. न्हाऊन आली आहे ती, केस ओले आहेत. ताटकळते आहे."

मी बाजूला झाले. भाकरी करपली होती.

मी पाया पडले, भांडले, अबोला धरला. त्यांचं उत्तर एकच — "सोडली तर ती यायची नाही." माणसासारखी सवत असती तर तिच्याशी दोन शब्द बोलता आले असते. ही अफूच्या डबीतून यायची.

दुकानातली अफू पुरेनाशी झाली तेव्हा मुद्देमालाच्या सीलला हात लागला. सुनावणीच्या वेळी पुडा तोलला तर कमी भरला. ज्याच्या बैलगाडीत अफू सापडली होती तो संशयाचा फायदा मिळून सुटला, आणि ती राखणारा माझा नवरा आत गेला. मॅजिस्ट्रेटसाहेब कित्येक वर्षं ह्यांच्याच हातचे कागद वाचत आलेले. शिक्षा सांगताना त्यांनी मान वर केली नाही म्हणे.

जेलात अफू एकदम बंद झाली. हगवण लागली, हातपाय वळायला लागले. मी भेटीला गेले तेव्हा गजांआड नुसती हाडं उभी होती, पण डोळे लख्ख. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे... माझ्या मागे कुणाकडे नाही.

"बारीक झालीस," म्हणाले. आणि मग, "ती इथं येत नाही."

मला आनंद झाला. त्यांची ती दशा समोर असून झाला. परत येताना मी गळ्यातला टाक मुठीत घट्ट धरून चालले — आता बघ म्हणावं. पुढच्या भेटीआधी ते जेलच्या दवाखान्यातच वारले.

माझं मंगळसूत्र तुटलं. टाक सासूबाईंनी काढून देव्हाऱ्यात ठेवला, आणि देवांबरोबर त्यालाही कुंकू लावायला लागल्या. मी मागे उभी राहून बघत असे. थोरली अहेव गेलेली. तिचं कुंकू आता कुणालाच पुसता येणार नव्हतं. नवरा आम्हा दोघींचा गेला, विधवा मी एकटी झाले.

त्यांचे दिवस होऊन गेल्यानंतरची गोष्ट. दुपारी जेवणं उरकून मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. सासूबाई ओसरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. आत येणाऱ्याला त्यांना ओलांडूनच यावं लागलं असतं. ताटावर सावली पडली म्हणून मी मान वर केली. उंबरठ्यापलीकडे एक बाई उभी होती. ओले केस पंच्यात गुंडाळलेले, एक हात चौकटीवर. चेहरा साधाच, विरजण मागायला आलेल्या शेजारणीसारखा. मला भीती वाटली नाही, राग आला. आता काय उरलंय न्यायला, असं मनात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली,

"अवरु इल्ल..."

पुढचं ओठांतच राहिलं. मी ताट खाली ठेवून उठले तोवर उंबरठा मोकळा. चौकटीवर तिचा हात होता तिथे ओल होती. माझ्या डोळ्यांदेखत ती वाळली. सासूबाईंना विचारलं, कोण आलं होतं? कुणी नाही, म्हणाल्या. मी अफूला आजवर बोटही लावलेलं नाही, आणि त्या दिवशी उपासही नव्हता.

मी तशीच गंगव्वाकडे गेले. कुणी, कुठे, हे न सांगता ते शब्द म्हणून दाखवले.

"अवरु म्हंजे त्ये. नवऱ्याला तुमच्यात 'हे' म्हणत्यात न्हवं, तसं," ती म्हणाली. "पण फुडं काय म्हणलं? इल्ली का इल्ला?"

"फरक काय त्यात?"

"लई फरक हाय की. इल्ली म्हंजे हितं. इल्ला म्हंजे न्हाय. शेवट ऐकला न्हाईस व्हय?"

संध्याकाळी सासूबाई वाती वळत होत्या. मी सहज विचारावं तसं विचारलं, थोरली बोलायला कशी होती?

"गोड होती," त्या म्हणाल्या. "पण शेवटचं अक्षर गिळायची. किती वेळा सांगितलं असेल, बाई गं, शब्द पुरा करत जा."

हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनीसुद्धा नाही.

वडील असते तर त्यांनी दिव्याचं विचारलं असतं. ऊन होतं, एवढंच उत्तर माझ्यापाशी आहे, उलगडा नाही. माझ्यासारख्या शेवटून वाचणाऱ्यांनी खुशाल पान उलटावं. मला छळतं ते एकच अक्षर. इल्ली असेल, तर ते तिच्यापाशी आहेत — अफूवाचून, कायमचे. इल्ला असेल, तर तीही त्यांना शोधतच माझ्या दारी आली होती, आणि ते आम्हा दोघींपाशी नाहीत... कुठेतरी एकटेच आहेत.

नवरा जिथे असेल तिथे एकटा नसावा, असं बायकोला वाटायला हवं. सासूबाई अजून रोज सकाळी टाकाला कुंकू लावतात. मी मागे उभी राहते, आणि मनातल्या मनात तिचा शब्द पुरा करते — इल्ला.